चार माझ्या शिवणीचे

मंगळवार, ९ तारीख

भिंगऱ्या,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. तिसरीपर्यंतच्या शाळेवर जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते. अक्षर लागलं नाही तर दोष माझा, वाचलंच नाहीस तर तुझा. पत्ता दुकानाचा घातलाय, कारण घरी तू फक्त पाठ टेकायला जातोस असं तुझी आई म्हणते. लहानपणी एका जागी ठरायचा नाहीस म्हणून भिंगऱ्या नाव ठेवलं मी, आणि आता तोच दिवसभर काउंटरमागे खांबासारखा उभा. कुणाला सांगून पटेल?

आधी आनंदाची बातमी. तुझी आजी प्रसिद्ध झाली!

काल खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले धापा टाकत वर आले. त्यांचं दुकान मुलाने कधीच विकलं, पण डोळ्याला भिंग लावायची सवय गेली नाही, भाजीसुद्धा भिंगातून बघून घेतात. म्हणाले, "आजी, आधी बसा." मला वाटलं, कुणी गेलं. तर त्यांच्या मोबाइलमध्ये मी! तुझ्या दुकानात, काचेच्या कपाटापुढे, निळा स्वेटर घालून. आणि काय बोलत्येय, "अगंबाई, ह्या कानाच्या गाद्या तर मीच शिवते! जोडीला चार मिळतात मला, चार! आणि इथे साडेसहाशे!" आणि वर खो खो हसत्येय. कुणा गिऱ्हाइकाने उभ्या उभ्या टिपलं असणार. केस जरा विस्कटलेत, पण आवाज बघ कसा खणखणीत. तीस हजार माणसांनी पाहिलं म्हणे. आमच्या अख्ख्या गल्लीत तीनशे नसतील.

घड्याळवाल्यांना मात्र कानाची गादी म्हणजे काय ते समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. म्हटलं, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र असतं ना, ते खेळताना पोरं डोक्याला हेडफोन लावतात. त्याच्या कानावर बसणाऱ्या दोन गोल मऊ गाद्या घामाने फाटतात. मग नवी जोडी घ्यायची, जुनी काढायची, नवी चढवायची. ती नवी जोडी आम्ही शिवतो. ते म्हणाले, "म्हणजे कानाला उशी. आमच्या वेळी कान उघडेच असायचे, तरी कुणी ऐकत नव्हतं."

खरं सांगू? कारखान्यातून गठ्ठा येतो, मी शिवते, गठ्ठा जातो. पंधरा वर्षांत एकदाही माझी वस्तू विकायला मांडलेली पाहिली नव्हती. आणि पाहिली ती माझ्या नातवाच्या दुकानात, स्वतःच्या डब्यात, दिव्याखाली! मला काय झालं तेच कळेना. वळणावरची शिवण पाहूनच ओळखली. तिथे मी मशीनचं चाक हाताने फिरवते, पायाने नाही, म्हणून टाके दाटीने पडतात.

व्हिडिओत मागे तूही आहेस. पाठमोरा, डबे सरळ करताना. त्या दिवशी तू घाईत होतास, म्हणून मी लगेच निघाले. खुलासा म्हणून लिहिलं.

फोन कर.

तुझी,
तीस हजार लोकांची आजी

रविवार, १४ तारीख

भिंगऱ्या,

तुझ्या आईचा फोन आला. मी हौसेने व्हिडिओचं सांगायला घेतलं, तर तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, "आई, तुला खरंच कळलेलं नाही, की तू कळून घेत नाहीस?"

मग तिने सांगितलं. सांगताना रडत होती, आणि मी इथे खिडकीशी उभी, हसू अजून तोंडावरच, कुठे ठेवायचं ते कळेना.

गिऱ्हाइकं दुकानात शिरतात आणि आधी विचारतात, "चारवाली गादी आहे का?" पलीकडच्या कॉलेजची पोरं दारातूनच ओरडतात, "ओ चारवाले!" दुकानाचं नाव तू तीन महिने विचार करून ठेवलं होतंस, ते कुणी घेत नाही. आणि लोकांनी चोर म्हणू नये म्हणून साडेसहाशेवर काट मारून तू साडेचारशे लिहिलेस. तिने सांगितलं, ती जोडी तुझ्याच पदरात चारशे सत्तरला पडते.

मी विचारलं, "चारशे सत्तरला घेऊन साडेचारशेला विकायचं? हे कुठलं शहाणपण?"

म्हणाली, "शहाणपण नाही आई, लाज आहे."

त्यानंतर आम्ही दोघी हवेबद्दल बोललो. तिच्याकडे गार आहे. माझ्याकडेही.

घड्याळवाले जिन्यात भेटले, म्हणाले, "आजी, चाळीस हजार झाले!" मी त्यांच्याकडे न बघता वर आले. बिचाऱ्यांचा काय दोष.

बाकी ठीक. मशीनला सध्या विश्रांती दिली आहे. इतकी वर्षं राबलं, लोखंडालाही दमणूक असतेच की.

पत्राला उत्तर लिहायला वेळ नसेल तर नुसता फोन वाजवून ठेवून दे. मला कळेल.

आजी

सोमवार, २२ तारीख

भिंगऱ्या,

आज सगळं खरं लिहिणार आहे. दोनदा लिहून फाडलं. कागदही फुकट येत नाही.

मशीनला विश्रांती मी दिलेली नाही. काम बंद झालंय. ज्या कंपनीच्या नावाने त्या गाद्या विकल्या जातात, त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि कारखान्याला दम भरला, बाहेर बायकांकडून काम करून घेता आणि त्या बाजारात भाव सांगत फिरतात? गठ्ठा आला नाही. मी दोन आठवडे कुणाला बोलले नाही. घड्याळवाल्यांनी एकदा खालून विचारलं, "आजी, आज मशीनचा आवाज नाही?" तेव्हापासून दुपारी तासभर दोरा न ओवता चालवते. सुई वरखाली होते, खाली काहीच नसतं. त्यांना वाटतं, काम चाललंय. परवा म्हणाले, "तुमचं मशीन वाजलं की बरं वाटतं हो, घरात कुणीतरी आहे असं वाटतं." मग आता बंद कसं करू?

आज कात्री आली होती, मुकादमीण. कात्री हे नाव आम्ही बायकांनी ठेवलेलं, कारण ती बोलणं मध्येच कापते आणि माल मोजमापात बसला नाही तर मजुरीही. शेवटच्या गठ्ठ्याचे पैसे घेऊन आली. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत पहिल्यांदाच बसली. मी म्हटलं, "बाई, चूक झाली. पण मी खोटं काय बोलले? चारच मिळतात ना?"

ती अशी भडकली! "चार चार काय लावलंय आजी? तुम्हाला वाटतं बाकीचे कुणी खिशात घातले? रेक्झिन कोण देतं? आतला स्पंज? ती प्लास्टिकची कडी? कापणारा आहे, चिकटवणारा आहे, भाडं आहे, लाइट आहे, मी आहे. आमच्या दारातून जोडी बाहेर पडते तेव्हा अठ्ठावन्न झालेले असतात. आणि डबा माहितीय कितीचा? बावीस!"

"डब्याला बावीस?" मी जागची उठलेच. "आणि मला चार?"

"डब्याशिवाय काचेत कोण ठेवील?"

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. पण तिचं ऐकत गेले आणि माझा राग कुठे धरावा तेच कळेना. पुढे कंपनी आपलं नाव छापते, त्या नावाचेच सगळ्यात जास्त घेते. तिथे कात्रीही म्हणाली, "ते मलाही कधी कळलं नाही." मग गोदाम, मग ट्रक, मग कर, वाटेत चेपलेले डबे, परत आलेल्या जोड्या. तुझ्यापर्यंत येता येता चारशे सत्तर. नंतर तुझ्या जागेचं भाडं, काउंटरवरच्या त्या मुलीचा पगार, दिवे. तुझ्या आईला मी मागाहून फोन करून विचारलं, एका डब्यामागे त्याच्या हाताला काय लागतं? म्हणाली, "साडेसहाशेला गेला तर वीस-पंचवीस, आई. चांगला महिना असला तर."

म्हणजे मला चार, तुला वीस. आपण दोघं एकाच दोऱ्याची दोन टोकं, आणि मी तीस हजार लोकांपुढे तुझंच टोक कापलं.

एवढ्यावर थांबले असते तर पत्र बरं दिसलं असतं. पण खरं लिहायचं म्हटलंय. पहिल्या पत्रात लिहिलं की तू घाईत होतास. नव्हतास. मी हसत होते, सगळे हसत होते, आणि दोघा गिऱ्हाइकांनी हातातले डबे परत ठेवले. तू काउंटरमागून बाहेर आलास, माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिलीस आणि हळूच म्हणालास, "आजी, तू घरी जा. दुकानात पुन्हा येऊ नकोस." व्हिडिओत ते नाही. ते मीच तेवढं पाहिलंय, आणि रोज पाहते.

मी हसले ते तुला नव्हतं रे. मला वाटलं, माझी वस्तू इतकी मोलाची! एवढंच वाटलं. तुझी वस्तू मी स्वस्त करत्येय हे डोक्यातच आलं नाही.

आजी

शनिवार, ११ तारीख

भिंगऱ्या,

उपाय केला. फसला. पण तुला हसू येईल म्हणून सांगते.

घड्याळवाल्यांना म्हटलं, मोबाइल आणा, दुसरा व्हिडिओ काढा. केस चापून विंचरले, तोच निळा स्वेटर घातला, म्हणजे लोकांना ओळख पटेल. मशीनपुढे बसले आणि कात्रीने सांगितलं ते सगळं सांगितलं. स्पंज, कडी, डबा, ट्रक, काही सोडलं नाही. शेवटी हात जोडून म्हटलं, "तेव्हा साडेसहाशे हाच रास्त भाव आहे." साडेनऊ मिनिटं बोलले. घड्याळवाल्यांचा हात भरून आला, मध्ये काही वेळ नुसतं छत दिसतं.

आठ दिवस झाले. अकरा जणांनी पाहिलं. त्यात चारदा मीच, त्यांच्या फोनवर. ते म्हणाले, "आजी, लोकांना चोरी ऐकायला आवडते, हिशेब नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही का ऐकलंत?" तर म्हणाले, "मला दुसरं काय काम आहे?" आणि दोघंही बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो. बारावा कोणी येतो का.

तुझ्या आईने सांगितलं की काउंटरवरच्या त्या मुलीला तू पुढच्या महिन्यापासून अर्ध्याच दिवसावर घेतलंयस, आणि दुकानाचा मालक जागा रिकामी करून मागतोय की काय अशी तुला धास्ती आहे. "त्याला म्हणावं, आजीला फोन कर," म्हटलं तर ती म्हणाली, "आई, मी सांगितलं. तो म्हणतो, तिच्याशी काय बोलू?"

मलाही हाच प्रश्न पडतो, म्हणून तर इतकं लिहिते.

पोस्टमन विचारत होता, "आजी, एवढी पत्रं जातात, येत एकही नाही?" मी म्हटलं, "तो बोलत नाही, लिहिणार कुठून?" म्हटल्यावर माझंच मला हसू आलं. तो नाही हसला.

आजी

गुरुवार, १६ तारीख

भिंगऱ्या,

तू होतास तिथे, तुला सगळं ठाऊक आहे. पण तू तुझ्या बाजूने पाहिलंस. माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहिते.

"पुन्हा येऊ नकोस" म्हणाला होतास ते मला पाठ आहे. पण विचार केला, ते आजीला म्हटलंय. गिऱ्हाइकाला कुणी असं म्हणत नाही. मग गिऱ्हाईक होऊन जायचं. कात्रीने दिलेले शेवटच्या गठ्ठ्याचे पैसे रुमालात बांधले. दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसमधून एक थांबा आधीच उतरले आणि चालत आले.

दारात उभी राहिले तर आत पाच-सहा जण. रांग लावली. पुढचा मुलगा मागे वळला, मला पाहिलं, आणि शेजारच्याला कोपर मारलं. मी कपाटातला डबा घेतला. खाली चिठ्ठीवर साडेसहाशेला काट आणि साडेचारशे. तुझं अक्षर. काट इतकी जोरात मारलीस की कागद फाटलाय.

माझी पाळी आली. तू मान खाली घालून डबा यंत्राखाली धरलास, टूंक वाजलं, आणि म्हणालास, "साडेचारशे." दीड महिन्यांनी तुझ्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द. पाढ्यातला.

मी म्हटलं, "साडेसहाशे."

तू वर पाहिलंस. "साडेचारशे लिहिलंय."

"खाडाखोड आहे. मी खाडाखोडीचं घेत नाही. साडेसहाशे."

"आजी..." म्हणालास. मागचे हसायला लागले. घासाघीस सगळ्यांनी पाहिलेली असते, उलटी घासाघीस कुणी पाहिली नव्हती. तेवढ्यात तो कोपर मारणारा मोबाइल वर धरून म्हणाला, "आजी, तुम्हीच ना त्या चारवाल्या? खरं सांगा, किती लागतात हो ह्याला?"

भिंगऱ्या, मी साडेनऊ मिनिटांचं भाषण पाठ केलेलं होतं. स्पंज, कडी, डबा, ट्रक. त्यातलं एक अक्षर आठवेना. तू माझ्याकडे बघत होतास, आणि तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. आजीची भीती! मी एवढंच म्हणू शकले, "चार माझ्या शिवणीचे, बाळा. पण नुसती शिवण कानाला लावता येत नाही." आणि रुमाल सोडून साडेसहाशे मोजून काउंटरवर ठेवले. "पावती दे," म्हटलं.

पोराने मोबाइल खाली केला. टिपलं की नाही देव जाणे. मागची एक बाई डब्याकडे हात करून म्हणाली, "मलाही एक द्या. जे असेल त्यात." ह्या वाक्याने तुझं भाडं भागणार नाही, हे मला कळतं. तरी लिहिलं.

पावती फाडलीस. मग तुझ्या काय मनात आलं, विचारलंस, "हेडफोन कोणता आहे तुझा? माप बघावं लागतं."

हेडफोन! मी गादी विकत घ्यायला गेले, आणि गादी चढवायची कशावर ह्याचा विचार दोन बस बदलून आणि एक थांबा चालूनही डोक्यात आला नाही. ती काउंटरवरची मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. तूही खाली बघितलंस, पण मला दिसलं, तुझ्या गालाला खळी पडली.

मग तू गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला हेडफोन उचललास. त्याच्या फाटक्या गाद्या काढल्यास, माझ्या चढवल्यास. कडेकडेने अंगठा फिरवत, एकही सुरकुती राहू न देता. मी शिवताना जसा फिरवते तस्साच. हे तुला कुणी शिकवलं? काउंटरमागून बाहेर आलास आणि माझ्या डोक्यावर ठेवलास. केसांची बट अडकली, ती सोडवलीस.

आणि सगळं जग बंद झालं.

रस्ता नाही, बस नाही, ती माणसं नाहीत. नुसती ऊब. पंधरा वर्षं हजारो शिवल्या, पण आत काय असतं ते आज कळलं. तू समोर उभा होतास, अगदी हाताच्या अंतरावर, आणि तुझे ओठ हलत होते. बराच वेळ बोललास. एकदा मान हलवलीस, एकदा छताकडे पाहिलंस, लहानपणी रडू आवरताना पाहायचास तसं. शेवटी काहीतरी विचारलंस.

मला हेडफोन काढता आला असता. हात वरही गेला होता. पण वाटलं, काढला तर थांबशील. म्हणून नाही काढला. नुसती मान हलवून हो म्हटलं.

मग तू मागच्या गिऱ्हाइकाकडे वळलास आणि मी हेडफोन उतरवून, गाद्या सोडवून, डब्यात घालून घरी आले.

तेव्हापासून तो डबा मशीनवर ठेवलाय, आणि मी तुझे ओठ आठवून आठवून शब्द जुळवत्येय. काही केल्या जुळत नाहीत. घड्याळवाल्यांना विचारलं, ओठांवरून बोलणं ओळखता येतं का हो? म्हणाले, मी तिथे भिंग घेऊन असतो तर सांगता आलं असतं.

तेव्हा तूच कळव, काय म्हणालास. फोनवर कळव, कागदावर कळव, नाहीतर त्या मुलीला सांग, ती मला सांगेल. घरी येऊ का विचारलंस, तर हो. पैसे परत घे म्हणालास, तर नाही घेणार, पण बोललास म्हणून हो. रागावलास, तर तेही हो.

आणि पुन्हा येऊ नकोस असं म्हणाला असलास, तर तेवढं मी ऐकलेलं नाही.

तुझी आजी